बारा दिवस जास्त

एस्टेव्हन, सस्कॅचेवन
१९ मे २०२४

स्लावका,

काल दुपारी सव्वा वाजता मला सीमेवरून परत पाठवलं. ही बातमी तुला गावातल्या कुणाकडून तरी मीठमसाला लावून कळण्यापेक्षा माझ्याकडून सरळ कळावी, म्हणून लिहिते आहे. समेटाचं पत्र समजू नकोस.

मी सीमेपलीकडे मायनॉटला तुझ्याकडेच निघाले होते. आईचा भरतकाम केलेला पंचा माझ्या पेटीत आहे आणि वीस जुलैला तुझं लग्न आहे. आपल्या रीतीप्रमाणे लग्नाचा पाव कुठल्या तरी पंच्यावर ठेवावा लागतो, तो आईचाच असायला हवा, म्हणून दारात देऊन लगेच परत फिरणार होते. गाडीही बंद करणार नव्हते.

खिडकीतली अधिकारी बाई तिशीतली असेल. नावाच्या पट्टीवर ‘लिंडक्विस्ट’ होतं. तिने पासपोर्ट यंत्रावर ठेवला, पडदा वाचला, पुन्हा वाचला आणि मला गाडी बाजूला लावून आत यायला सांगितलं. एकवीस वर्षांची असल्यापासून मी ही सीमा ओलांडते आहे, आत कुणी कधी बोलावलं नव्हतं. आत बाकं आहेत, आपल्या शाळेच्या कचेरीत होती तसलीच. एवढ्या वर्षांत ती खोली पाहिली नव्हती, म्हणून मला खरं तर बरंच कुतूहल वाटलं. पाच मिनिटं.

“मॅडम, गेल्या हिवाळ्यात तुम्ही आमच्याकडे किती दिवस होतात?”

“सहा महिन्यांच्या आत.”

“आत नाही. तीन ऑक्टोबरला आलात, तेरा एप्रिलला गेलात. मुभा एकशे ब्याऐंशी दिवसांची. बारा दिवस जास्त झाले.”

“मी फेब्रुवारीत मेक्सिकोला जाऊन आले होते. तिथून दिवस नव्याने मोजायचे असतात.”

“कशासाठी गेला होतात?”

“दाताला टोपी बसवायला.”

“किती दिवस?”

“चार तास.”

तिने पेन खाली ठेवलं. “तीस दिवसांहून लहान फेरीने काही नव्याने सुरू होत नाही, मॅडम. हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

मी मनात मोजत होते. “आणि बारा नाही, अकरा,” मी म्हटलं.

“यंदा फेब्रुवारी एकोणतीसचा होता.”

समोरच्या कागदावर ‘पूर्वीचा व्यवसाय’ या रकान्यात मी स्वतःच लिहिलेलं होतं: गणिताची शिक्षिका, चौतीस वर्षं. तिने तो रकाना वाचला. हसली नाही. एवढं सौजन्य तिच्यात आहे.

तर आता असं आहे. बंदी नाही, पण प्रवेशही नाही. मी स्वतःहून माघार घेतल्याचं लिहून दिलं. पुन्हा यायचं तर दिवसांचा लेखी तपशील आणायचा आणि विशेषतः शेवटच्या त्या बारा दिवसांत मी कुठे होते, काय करत होते, याचा पुरावा. “बरेच जण या काळात कामं करतात,” ती म्हणाली. “घरं सांभाळतात, पोरं सांभाळतात.” मी म्हटलं, माझं वय सत्त्याहत्तर आहे. ती म्हणाली, “माझी आजी ऐंशीची आहे, अजून बेकरीत उभी राहते. तिथे ओळखीचं कुणी असेल, आमच्या बाजूचं, त्यांच्याकडून लेखी आणा.”

तू आता बोटं मोजत असशील हे मला माहीत आहे. आपलं वाजलं एकोणतीस मार्चला, शुक्रवारी. मी त्याच दुपारी तुझ्यासमोर सामान भरून निघाले. युमाहून, म्हणजे दक्षिणेतल्या आपल्या हिवाळी वसाहतीतून, एस्टेव्हन तीन दिवसांचा रस्ता. मग मी तेरा एप्रिलला कशी पोचले? गाडीचं काम निघालं. रेडिएटर. सुटा भाग येईपर्यंत थांबावं लागलं. बस.

पंचा पोस्टाने पाठवणार नाही. हरवेल.

स्टेफा

एस्टेव्हन
२९ मे २०२४

स्लावका,

उत्तर आलं नाही. अपेक्षाही नव्हती.

मी तपशील मांडायला घेतला आहे. मोठ्या कागदावर आडव्या ओळीत तारखा आणि प्रत्येकीखाली पुरावा. पक्ष्यांची वही फार कामाला आली. कुठल्या दिवशी कुठल्या झाडावर काय दिसलं, हे मी रोज लिहिते आणि तू त्यावर चौदा वर्षं हसत आलीस. आता बघ. जानेवारीचे एकतीसही दिवस सिद्ध झाले, त्यातले नऊ एकाच घुबडामुळे.

त्यांना तेरा एप्रिल ही तारीख कळली कशी, हे मला जाणून घ्यायचंच होतं. परत येताना अमेरिकेच्या बाजूला कुणी थांबवत नाही की शिक्का मारत नाही. मी आपल्या बाजूच्या कचेरीत जाऊन विचारलं. उत्तर सोपं निघालं. आपल्या खिडकीत आपण घरी आल्याची नोंद होते आणि तीच नोंद पलीकडे जाते. आपलं येणं म्हणजे त्यांच्याकडचं जाणं. इतकी साधी वजाबाकी माझ्या डोक्यात का आली नाही, याचं मला वाईट वाटलं. सांगणाऱ्या बाईला मी शिकवलेलं आहे. “मिस, तुम्ही?” एवढंच म्हणाली. सांग, आणखी काय म्हणायला हवं होतं?

मग मेक्सिकोच्या समजुतीचं मूळ शोधलं. आपल्या वसाहतीतल्या बर्निसला रेड डिअरला फोन लावला.

“अगं, मेक्सिकोचा पूल ओलांडला की दिवसांचं कार्ड नवं. सगळ्यांना ठाऊक आहे,” बर्निस म्हणाली.

“तुला कुणी सांगितलं?”

“लाइलने.”

“लाइलला कुणी सांगितलं?”

तिने तोंड फिरवून नवऱ्याला हाक मारली. “लाइल! ते पुलाचं तुला कुणी सांगितलं रे?” मग मला: “तो म्हणतो, आल्गोदोनेसमध्ये दातवाल्याकडे काउंटरवर बसते त्या बाईने.”

“दातवाल्याच्या काउंटरवरच्या बाईने.”

“अगं, तिने त्याला दाताचा पूलही फुकट बसवून दिला होता. खोटं कशाला बोलेल?”

आपली सगळी वसाहत, दीडशे ट्रेलर, निवृत्त वकील, दोन डॉक्टर, एक माजी महापौर, दर हिवाळ्यात दात करायला पलीकडे जाते आणि दिवस नवे करून परत येते. कुणीही कधी नियम उघडून वाचलेला नाही. मीही नाही. रीत न लिहिता नुसतं उत्तर लिहिणाऱ्या मुलांचे मी चौतीस वर्षं गुण कापले. पण मी दर वर्षी मार्चअखेरीस निघत असे, त्यामुळे ही समजूत खोटी असल्याचं कळायची वेळच आली नव्हती.

तपशिलात अडचण एकच आहे. तीस मार्च ते दहा एप्रिल. वही आहे, पण नुसत्या वहीने भागणार नाही. मी काम करत नव्हते हे सांगणारा माणूस हवा. माझ्याकडे तसं कुणी नाही.

त्या दिवसांच्या नोंदी वाचताना एक गोष्ट पुन्हा दिसली. तेव्हाही खटकली होती, नंतर विसरून गेले. तीस मार्चच्या पानावर पक्ष्यांच्या खाली लिहिलंय: ‘सकाळी सहा. दाराच्या कडीला कागदी पिशवी. पपनसं तीन. कुणाची?’

तू काही विचारणार नाहीस, पण ती पपनसं कुणाची, हे मला आजवर कळलेलं नाही.

स्टेफा

एस्टेव्हन
११ जून २०२४

स्लावका,

लग्नाला एकोणचाळीस दिवस राहिले. बावीस तारखेपर्यंत कागद पूर्ण झाले नाहीत तर त्यांना वेळेत बघायला होणार नाही, असं लिंडक्विस्टबाईंनी फोनवर सांगितलं. म्हणजे पंचा इथेच राहील आणि मी पंच्याजवळ. धाकट्या बहिणीचं लग्न तिच्या थोरल्या बहिणीच्या आशीर्वादाशिवाय होईल. आई असती तर तिने आपल्या दोघींना एकाच झाडूने मारलं असतं.

आता एक कबुली. रेडिएटर बिघडला नव्हता. गाडीचं काही बिघडलं नव्हतं.

मी त्या दुपारी निघाले, महामार्गापर्यंत गेले आणि उजवीकडे वळण्याऐवजी डावीकडे वळले. ओरोस्को यांच्या वसाहतीत, खजुराच्या बागेमागे, एक जुना ट्रेलर भाड्याने मिळाला. आपल्यापासून साडेतीन किलोमीटर. बारा दिवस तिथे होते. कशासाठी, असं विचारशील. फोन चालू ठेवून बसले होते. तो तू करशील, अशी माझी समजूत होती. ही समजूत दातवाल्याच्या काउंटरवरून आलेली नव्हती, पण तिलाही तेवढाच आधार होता, हे आता दिसतंय.

मी तेव्हा काय बोलले ते मला शब्दशः आठवतं. “हारलनला बायको नकोय, स्वयंपाकीण हवीय. आणि तू एक वर्ष एकटी राहू शकत नाहीस.” तू म्हणालीस, “एकटं राहणं ही काही पदवी नाही, स्टेफा. तुझी तू भिंतीवर लावून ठेव.” मग मी सामान भरलं. भरायला चाळीस मिनिटं लागली. त्या चाळीस मिनिटांत तू एकदाही थांब म्हणाली नाहीस. मीही थांबवून घ्यायला वळले नाही.

असो. पपनसांकडे वळते.

वही पुन्हा तपासली. तीस मार्चपासून नऊ एप्रिलपर्यंत रोज सकाळी पिशवी होती. अकरा पिशव्या. प्रत्येकीत तीन पपनसं. पिशवीचं तोंड तीनदा दुमडून कपड्यांचा लाकडी चिमटा लावलेला. मी सहाला उठते, त्याआधीच ती लटकलेली असे. आपल्या तिथे झाडावरचं जास्तीचं फळ शेजाऱ्याच्या दारी ठेवायची पद्धत आहेच, म्हणून मी फार विचार केला नाही. पण शेजारी एकदा ठेवतो. अकरा दिवस कोण ठेवतं?

मी सगळ्यांना पत्रं लिहिली. ओरोस्को यांचं उत्तर: “बाई, माझ्याकडे खजूर आहे, लिंबू आहे, पपनस एकही नाही.” उजवीकडच्या ट्रेलरमधल्या विधवा बाईंचं उत्तर: “मला वाटलं तुमचा कुणी चाहता आहे. पहाटे एक गाडी येऊन थांबायची. म्हटलं, या वयात नशीब बघा!” गाडी कसली, हे त्यांना सांगता येत नाही. चष्मा नव्हता म्हणे.

तुझ्यावरचा संशय मी तपासून बाजूला ठेवला. कारणं अशी. एक, तू मोतीबिंदूनंतर गाडी चालवत नाहीस. दोन, मी तिथे आहे हे तुला माहीत असायचं कारण नव्हतं. तीन, एकतीस मार्चला, त्यांच्या ईस्टरच्या दिवशी, पिशवीत एक रंगवलेलं अंडं होतं. नुसतं निळ्या रंगात बुडवलेलं. एक रेघ नाही, तारा नाही, गव्हाची ओंबी नाही. आपल्या घरात जन्मलेली बाई असलं उघडंबोडकं अंडं कुणाच्या दारी ठेवणार नाही. शिवाय जुन्या पंचांगाप्रमाणे आपला ईस्टर पाच मेला होता. तेव्हा तू नाहीस, हे त्या अंड्याने सिद्ध केलं.

दहा एप्रिलला सहा वाजता दार उघडलं. पिशवी नव्हती. साडेसहाला मी निघाले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं होतं.

स्टेफा

एस्टेव्हन
१७ जून २०२४

स्लावका,

काल तुझ्या घरून फोन आला. तू केला नव्हतास. तुला कदाचित माहीतही नसेल, म्हणून सगळं लिहिते. चोरून बोलणं मला जमत नाही.

“मी हारलन,” तो म्हणाला. “तुमच्या बहिणीचा... आता या वयात काय म्हणायचं ते म्हणा.”

“होणारा नवरा म्हणतात. वयाप्रमाणे शब्द बदलत नाही.”

“हो, मॅडम.”

“मॅडम म्हणू नका. सीमेवर पुष्कळ झालं.”

तो खोकला. रेल्वेत बेचाळीस वर्षं काढलेला माणूस इतका हळू बोलतो, याचं मला आश्चर्य वाटलं. एकाच वसाहतीत चौदा हिवाळे काढून मी त्याच्याशी हवामानापलीकडे बोललेच नव्हते. “ती तुमची पत्रं वाचते,” तो म्हणाला. “दोन दोन वेळा. मग टेबलावर उलटी ठेवते. उत्तर लिहायला बसते आणि कागद चुलीत जातो. मी म्हटलं, आपण सांगून टाकू या. ती म्हणाली, एक शब्द बोललास तर लग्न मोडलं समज.”

“काय सांगून टाकू या?”

“तेच सांगता येत नाही.”

“मग फोन कशासाठी केलात?”

तो पुन्हा खोकला. मग म्हणाला, “गोड होती का?”

“काय?”

“नाही, काही नाही. म्हटलं, त्या झाडाला यंदा पाणी कमी पडलं होतं. आंबट निघाली असतील तर वाईट वाटेल, एवढंच.”

मी वर्गात कॉपी करणारी मुलं चेहऱ्यावरून ओळखत असे. फोनवर चेहरा दिसत नाही, पण खोकला ऐकू येतो.

“श्री. ओस्टबी,” मी म्हटलं, “युमाला तुमच्या ट्रेलरमागे पपनसाचं झाड आहे.”

“आहे.”

“आणि ते निळं अंडं?”

“ते मी केलं,” तो चटकन म्हणाला. “ती म्हणत होती, असलं अंडं न्यायची लाज वाटते, काहीतरी नक्षी तरी काढते. मी म्हटलं, नक्षी काढलीस तर ताबडतोब ओळखू येईल.” मग त्याच्या लक्षात आलं. “अरे देवा,” तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

लग्न मोडू नकोस. त्याने मुद्दाम केलेलं नाही.

मी ओट्यापाशी उभी होते. नंतर खुर्चीवर बसले. मला राग आला की नाही, हे तपासून पाहिलं. नाही आला. मला फक्त पुष्कळ प्रश्न पडले. तुला कळलं कसं मी तिथे आहे? रोज पहाटे या माणसाला उठवून साडेतीन किलोमीटर आलीस, माझ्या दारापर्यंत आलीस, कडीला हात लावलास आणि दार वाजवलं नाहीस? अकरा वेळा? त्याने तुला एकदाही म्हटलं नाही का, की बाई, आता पुरे? स्वयंपाकीण हवी असलेला माणूस पहाटे पपनसं तोडत नाही, हे मला कबूल आहे. ते वाक्य मी मागे घेते. दुसरं वाक्यही घेते.

आणि बाराव्या दिवशी का आली नाहीस?

गोड होती, असं त्याला सांग.

स्टेफा

एस्टेव्हन
२५ जून २०२४

स्लाव्को,

आई हाक मारायची तसं तुझं नाव लिहिलं आहे, चालवून घे. तुझा लिफाफा एकवीस तारखेला मिळाला. आत मला एकही ओळ नाही, सगळं लिंडक्विस्टबाईंच्या नावे, वकिलाच्या शिक्क्यानिशी. मी वाचलं. मी वाचू नये असं तुला वाटत असतं तर तू पाकीट चिकटवलं असतंस.

माझ्याजवळ असावं म्हणून शेवटचा भाग इथे उतरवून घेते. मूळ कागद बावीसला त्यांच्या हाती दिला.

‘एकोणतीस मार्चच्या संध्याकाळी माझ्या होणाऱ्या नवऱ्याने लाँड्रीसमोर सस्कॅचेवनच्या पाटीची हिरवी गाडी पाहिली. ती माझ्या बहिणीची होती. ती कुठे उतरली आहे ते आम्ही शोधलं. तीस मार्चपासून मी रोज पहाटे तिच्या दाराशी जात होते. ती काम करत नव्हती. खिडकीशी फोन ठेवून बसलेली असे, हे मी दिवसाही दोनदा जाऊन लांबून पाहिलं आहे. हे मी शपथेवर सांगते. माझी बहीण कुणाची घरं सांभाळत नाही. तिला स्वतःचं सांभाळायला सांगितलं तर ती इतरांना सूचना देते.

दहा एप्रिलला मी पिशवी नेली नाही. त्या दिवशी मी कॉफीची किटली घेऊन गेले. दार वाजवायचं ठरवलं होतं, म्हणून पहाटे न जाता आठ वाजता गेले. माणसाच्या दारी बोलायला जायची ती वेळ असते. तिची जागा रिकामी होती. चाकांच्या खुणा ओल्या होत्या. तिथल्या लोकांनी नुकतंच पाणी मारलं होतं.’

लिंडक्विस्टबाईंनी हे माझ्यासमोर वाचलं. पहिला भाग लवकर वाचला, दुसरा सावकाश. मग विचारलं, “तुम्ही किती वाजता निघालात?”

“साडेसहा.”

“दीड तास,” ती म्हणाली. ही वजाबाकी मला करता येते.

कागद तिने वर पाठवले आहेत. बावीसची मुदत तिने स्वतःच्या अंदाजाने सांगितली होती, निर्णय तिच्या हातात नाही. सहा आठवडे, कदाचित आठ. वीस जुलै त्यात बसत नाही. “मला वाईट वाटतं,” ती म्हणाली आणि मला वाटतं, तिला खरंच वाटलं. बारा दिवसांसाठी मी तुझ्या लग्नाला नसेन. नियम नियम आहे, मी त्यांना दोष देत नाही. मी स्वतः उशिरा आलेली वही कधी घेतली नाही.

दारापर्यंत आले तेव्हा तिने मागून विचारलं, “मिस, शाळेच्या सहली तुम्ही कुठे न्यायचात?”

मी म्हटलं, “शांतता बागेत. दर जूनमध्ये. तीस वर्षं.”

“माझी शाळापण,” ती म्हणाली. “पलीकडच्या फाटकातून.” आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

मी गाडीत जाऊन बसले आणि मग मला कळलं. तीस वर्षं मी पन्नास पन्नास मुलं त्या बागेत मोजून नेली आणि मोजून परत आणली. अर्धी बाग मॅनिटोबात, अर्धी तुमच्या नॉर्थ डाकोटात. आत शिरताना कुणी पासपोर्ट विचारत नाही. आपण आपल्या फाटकातून आत जायचं आणि आपल्याच फाटकातून बाहेर यायचं. दरवर्षी फुलांच्या घड्याळापाशी उभी राहून मी मुलांना सांगत असे, एक पाय इकडे, एक पाय तिकडे. आणि गेला महिनाभर मी तारखांचे तक्ते आखत बसले होते.

तेव्हा ऐक. लग्न हलवू नकोस. चर्च तेच, शनिवार तोच. पण आपल्यात आशीर्वाद चर्चमध्ये देत नाहीत. चर्चला निघण्याआधी घरी देतात. पंच्यावर दोघांना उभं करून, पाव आणि मीठ हातात घेऊन. घरातल्या सगळ्यांत थोरल्या माणसाने. ते घर नकाशात कुठे असावं, याबद्दल आईने काही सांगितलेलं मला आठवत नाही.

शुक्रवार, एकोणीस जुलै. कळव.

स्टेफा

एस्टेव्हन
१४ जुलै २०२४

स्लाव्को,

तुझं कार्ड मिळालं. ‘येतो’ या एका शब्दासाठी एवढं मोठं फुलांचं कार्ड कशाला? पण भिंतीवर लावलं आहे. पदवीच्या शेजारी.

आता सूचना. नीट वाच, हारलनलाही वाचून दाखव.

कोरोवाय गुरुवारी भाजून होईल. मला पिठाला हात लावता येत नाही, हे तुला माहीत आहे. सुखाने संसार केलेल्या बाईनेच तो पाव मळायचा असतो आणि माझा संसारच झाला नाही. म्हणून चर्चच्या हॉलमधून सात जणींना बोलावलं आहे. मी समोर उभी राहून सांगणार. काल त्यांनी सरावाचा एक पाव करून पाहिला. त्यातल्या ओल्हा पिडुबनीने विचारलं, “मिस, आम्हाला येत नाही असं वाटतं का तुम्हाला?” मी म्हटलं, पिठाची वेणी सैल पडते आहे. पडली होतीच. पावावरची पिठाच्या पक्ष्यांची जोडी जरा मोठी करायला सांगितली आहे. नवरानवरी जून असले की पक्षीही जून हवेत, असं ओल्हा म्हणाली. मी हसले. तिने सहा जणींना बोलावून ते पुन्हा सांगितलं.

पंचा धुतला नाही, नुसता उन्हात टाकला. आईच्या लाल दोऱ्याचा रंग अजून जात नाही. कडेला एक टाका चुकलेला आहे, तुला माहीत होतं? मी सत्त्याहत्तर वर्षांत पहिल्यांदाच पाहिला. ती घाईत असावी का? की बोलता बोलता? तिथे तुलाही दाखवीन.

हारलनला सांग, पंच्यावर उभं राहताना बूट काढायचे नाहीत, पण पुसायचे. मी मीठ पुढे करीन तेव्हा चिमूटभरच घ्यायचं. त्याने काही बोलायची गरज नाही. खोकला आला तर खोकावं.

फळं आणू नकोस. परत जाताना तुम्हाला तुमच्या खिडकीत विचारतील आणि मला माझ्या. एवढ्यासाठी पुन्हा त्या बाकावर बसायची माझी तयारी नाही. चिमटा मात्र आण. अकरा चिमटे माझ्याकडे आहेत, एका डझनाला एक कमी पडतो.

तुम्ही मायनॉटहून निघाल, दोन तास लागतील. हारलन वेग धरत नाही असं ऐकते, तर अडीच धर. तू कार्डावर वेळ लिहिलेली नाहीस. विसरलीस की मुद्दाम, मला कळलं नाही. म्हणून माझी सांगते. बाग आठला उघडते. मी आठला फुलांच्या घड्याळापाशी असेन, तुमच्या अर्ध्या भागाकडे तोंड करून. पाव मांडीवर असेल. नऊला आलात तरी असेन, तीनला आलात तरी असेन. रस्त्यात गाडी बिघडली, खरोखर बिघडली, तरी घाई करू नका. आत किती वेळ बसता येतं, हे मी फोन करून विचारून घेतलं. तिथे दिवसांची मर्यादा नाही. सूर्य मावळला की फाटक लावतात, एवढंच.

या वेळी मी साडेसहाला निघणार नाही.

स्टेफा